पक्क्या रंगाचा साबण

लिक्विड साबण हा शब्द आमच्या घरात बाबांनी आणला आणि शब्दाच्या मागोमाग एक निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. लालबागच्या आमच्या चाळीतली ती खोली एवढीशी, की नवीन काही आत आलं की जुनं काहीतरी बाहेर जायचं. ड्रमसाठी माझी खुर्ची गॅलरीत गेली. मी तेव्हा दादरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते आणि घरी आल्यावर ड्रमच्या झाकणावर पुस्तक टेकवून उभ्याने अभ्यास करत होते. आई म्हणायची, "चांगला आसा. उभ्याने वाचल्यार झोप येणा नाय." आईला ड्रम अजिबात आवडला नव्हता, पण गैरसोयीतून कुणाचा तरी फायदा शोधून काढायची तिला सवयच होती. चाळीत राहणाऱ्या बाईला ती लावून घ्यावीच लागते.

बाबा मिलमध्ये रंगखात्यात होते. सगळी चाळ त्यांना रंगमास्तर म्हणायची. कुठल्या कापडाला कुठला रंग चढतो, कशाने बसतो, कशाने उडतो, हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होतं. त्यांचे हात कायम रंगलेले असायचे. सोमवारी निळे, गुरुवारी मरून. आई सांगते की लग्न झाल्यावर कितीतरी दिवस तिला नवऱ्याच्या हातांचा खरा रंग ठाऊकच नव्हता. मग मिल बंद पडली, हळूहळू बाबांचे हात स्वच्छ झाले, आणि आमच्यापैकी कुणालाच ते स्वच्छ हात बघवेनात. दिवसभर ते गॅलरीत बसून लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर शेरे मारायचे. "ह्या साडीचो रंग दोन धुण्यात जातलो." आणि तो जायचा. साडीवाली आमच्याशी बोलेनाशी व्हायची. असे आमचे बरेच शेजारी कमी झाले.

अशात कुठल्याशा मंडळाने परळला 'घरबसल्या उद्योग' असं शिबिर भरवलं. मेणबत्त्या, पापड, फिनाईल आणि लिक्विड साबण. बाबा मेणबत्तीसाठी गेले, कारण मेणबत्तीत रंग घालता येतो. परत आले ते साबणाचे होऊन, कारण साबणात रंगही घालता येतो आणि साबण ढवळावाही लागतो. मिलमधून त्यांनी एकच वस्तू घरी आणली होती, ती म्हणजे वल्ह्याएवढी लाकडी काठी. हौदातलं कापड त्या काठीने फिरवायचे. ती पोटमाळ्यावरून खाली आली, ड्रममध्ये उतरली, आणि आमच्या घरात सकाळी पूजेच्या घंटेनंतर 'घळक, घळक' असा आवाज सुरू झाला. शेजारची मुलं विचारायची, "काकी, तुमच्याकडे होडी आहे का?"

साबणाचं साहित्य तसं सोपं होतं. पांढरट, मधासारखी ओघळणारी एक पेस्ट असायची, फेस तिचा. ती मशीद बंदरच्या बाजारातून पिशवीत बांधून यायची. तिच्यात पाणी. हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन. चिमूटभर लिंबूसत्त्व. दाटपणासाठी साधं मीठ. आणि शेवटी सेंट नि रंग. आईच्या मते ही शेवटची दोन म्हणजे वरातीतला बँड, आणि बाबांच्या मते साक्षात नवरदेव.

पहिली फजिती मिठाने केली. मीठ घातलं की साबण दाट होतो, हे बाबांना शिबिरात सांगितलं होतं. किती घालायचं तेही सांगितलं असणार, पण तेवढ्यात चहा आला असावा. त्यांनी एक मूठ टाकली, काठी फिरवली, आणि ड्रममधलं पाणी डोळ्यांदेखत पळीवाढं झालं. दुसरी मूठ टाकली, ते पिठल्यासारखं झालं. बाबांचा चेहरा असा उजळला, की मिल बंद पडल्यानंतर मी तो तसा पाहिलाच नव्हता. "बघलंस? दाटपणा म्हणजे दर्जा!" असं म्हणून त्यांनी तिसरी मूठ टाकली. काठी दोनदा फिरली असेल, तोच सगळा साबण एकाएकी सैल पडला आणि पाण्यासारखा डुचमळायला लागला.

आई चुलीपाशी बांगड्याचं तिखलं करत होती. तिने मान न वळवताच विचारलं, "आमटीत मीठ जास्त झाला तर बटाटो घालतत. ह्येच्यात काय घालतलास?"

बाबांनी क्षणभर बटाट्यांच्या टोपलीकडे पाहिलं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

पुढे मी शाळेत केमिस्ट्री शिकवली आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मुलांना ही गोष्ट सांगितली. मिठाने दाटपणा एका मर्यादेपर्यंतच वाढतो, ती ओलांडली की सगळं कोसळतं. मुलं हसायची आणि परीक्षेत मात्र 'बटाटा घालावा' असं लिहायची.

मग ग्लिसरीनची पाळी आली. पहिल्या साबणाने आईचे हात खडबडीत झाले होते. तिने तक्रार केली, तर बाबांनी एवढं ग्लिसरीन ओतलं की हात धुतल्यावर दाराची कडी सुटेना. हात कडीलाच चिकटून राहायचा. पेस्ट वाढवली की फेस इतका यायचा, की एक वाटी धुवायला बादलीभर पाणी लागायचं, आणि आमच्या चाळीत पाणी सकाळी ठरल्या वेळी येऊन ठरल्या वेळी जायचं. आईची तपासणी अगदी सरळ होती. मासे साफ करायचे, त्या हातांना साबण लावायचा, हात धुवायचे आणि वास घ्यायचा. वास गेला आणि हात ओढला नाही तर साबण पास. बाबांची तपासणीही सरळच होती. बाटली उजेडात धरून तिचा रंग बघायचा. दोन परीक्षक आणि एकच विद्यार्थी, म्हणून साबण नेहमी एका विषयात नापास व्हायचा.

त्यातला रंग हा बाबांच्या जिव्हाळ्याचा विषय. शिबिरातून मिळालेला खाण्याचा हिरवा रंग घालून त्यांनी एक बाटली खिडकीत ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. उन्हाने ती आठवड्याभरात फिकी पडली आणि पंधरवड्यात उसाच्या शिळ्या रसासारखी दिसायला लागली. दुसऱ्या कुणी ती फेकून दिली असती. बाबा तिच्यासमोर बसून राहिले. "माझ्या हातचो रंग उडालो," ते म्हणाले, "आजपावत कधी उडाक नाय." त्या दिवशी ते जेवलेही कमी.

गिऱ्हाईक म्हणून आम्हाला एकच बाई मिळाली होती. आमच्या चाळीपासून चार पावलांवर परबकाकूंची मालवणी खानावळ होती. परबकाकू जाड भिंगांचा चष्मा लावून गल्ल्यावर बसायच्या आणि आत कुणी भाकरी टाकून उठलं तर तिथूनच त्याचं नाव घेऊन ओरडायच्या. त्यांच्या बेसिनवरची साबणवडी अर्ध्या दिवसात रश्शाने तांबडी व्हायची आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात कुणाच्या तरी खिशातून घरी जायची. म्हणून त्यांना बाटलीतला साबण हवा होता. अट एकच. "हाताचो बांगड्याचो वास जावक व्हयो, मास्तर. माझी माणसा दुपारी जेवून ऑफिसात जातत."

बाबांनी वासावर वासाचा तोडगा काढला. उग्र मोगऱ्याचं सेंट घालून पहिल्या बाटल्या पोचवल्या. दुसऱ्या दिवशी परबकाकू स्वतः चाळीचे जिने चढून आल्या. "मास्तर, लोक जेवच्या आधी पण हात धुतत, ह्यां ध्यानात इला काय तुमच्या? माझ्या सुरमयेक मोगऱ्याचो वास येता! एक गिऱ्हाईक माका इचारता, काकू, सोलकढी देवळातून आणलास काय?"

बाटल्या परत आल्या. पण ह्या वेळी बाबा खचले नाहीत. ते आईच्या पाठीशी उभे राहून तिचा स्वयंपाक बघायला लागले. ती माशांना चिंच-कोकम लावते, कापल्यावर विळीवर लिंबाची फोड फिरवते, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. "आंबट," ते म्हणाले, "वासाक आंबट व्हया." सेंट बंद झालं आणि लिंबूसत्त्व चिमटीवरून वाटीवर गेलं. मी त्यांना सांगितलं की माशाचा वास ज्या द्रव्याचा असतो, ते आंबटाशी मिळून बिनवासाचं होतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्या फीचा पहिला उपयोग आज झाला. त्या नव्या साबणाने आईने हात धुतले, हुंगले, परत हुंगले, आणि मला हाक मारून माझ्या नाकासमोर धरले. बांगडा गेला होता. अगदी समूळ गेला होता.

परबकाकूंनी एक बाटली वापरून पाहिली आणि गटारीचा सगळा साबण बाबांना सांगितला. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी त्यांच्या खानावळीत लोक रस्त्यावर उभे राहून जेवायचे. त्या दिवशी नाव झालं असतं तर दादर-गिरगावपर्यंतच्या खानावळी बाबांना विचारत आल्या असत्या. निदान बाबांना तसं वाटत होतं. त्या आठवड्यात ते दाढी रोज करायला लागले आणि गॅलरीतल्या साड्यांवर बोलायचे बंद झाले.

आणि एवढं सगळं जमून आलेलं असताना त्यांना खिडकीतली ती फिकी बाटली आठवली.

गटारीच्या दिवशी, सगळ्या गिरणगावासमोर, आपला साबण उडालेल्या रंगाचा दिसणार हे काही त्यांना सोसलं नाही. ते आपल्या जुन्या ओळखीच्या रंगवाल्याकडे गेले आणि कागदाच्या पुडीत गडद हिरवी भुकटी घेऊन आले. "ह्यो लोकरीचो रंग," ते मला म्हणाले, "जगबुडी झाली तरी जावचो नाय." ड्रममध्ये चिमूटभर पडताच साबण असा काही हिरवागार झाला, की आईसुद्धा बघत राहिली. मीठ बेताचं होतं, ग्लिसरीन बेताचं होतं, फेस बेताचा होता. इतका देखणा साबण मी आजही कुठल्या मॉलमध्ये पाहिलेला नाही.

गटारीला रविवार आला होता. मी आणि बाबा सकाळीच बाटल्या घेऊन खानावळीत पोचलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते बेसिनपाशी असे उभे होते, जसं लग्नात मुलीचा बाप दारात उभा राहतो. आत सुरमई तळल्याचा आवाज, कोंबडी-वड्यांचा वास, सोलकढीचे पेले, परबकाकूंच्या आरोळ्या. पहिली पंगत बसली, उठली, बेसिनवर आली. एका गृहस्थाने हात धुतले, हुंगले, आणि मागच्याला म्हणाला, "अरे, वास गेला रे! बघ!" मागच्याने त्याचे हात हुंगले. दोन अनोळखी पुरुष एकमेकांचे हात हुंगत होते आणि बाबा भरल्या डोळ्यांनी बघत होते.

मग त्या पहिल्या गृहस्थाने हात पुसले आणि उलटे-पालथे करून पाहिले. नखांच्या कडांना हिरवट झाक होती. त्याला वाटलं कोथिंबिरीचं वाटण असेल. तो परत रांगेत शिरला आणि त्याने परत साबण लावला. झाक पोपटी झाली. त्याने आणखी साबण घेतला. पोपटीची हिरवी झाली. आता मागचेही आपापले हात बघायला लागले. ज्याला हिरवं दिसेल तो परत धुवायचा, आणि जो परत धुवायचा तो आणखी हिरवा व्हायचा. रांग दाराबाहेर गेली. आतले उठेनात म्हणून बाहेरचे बसेनात. "काकू, हात निघत नाय!" "हात नाय रे, रंग!" असा कालवा सुरू झाला. कुणीतरी गाडीवरून लिंबू आणून चोळलं, तर त्याचा रंग असा बसला, की त्याच्या तळव्यावरची भविष्याची रेघ न् रेघ दुरून वाचता आली असती.

मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःचे हात बघत होते. सकाळपासून बाटल्या भरून त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. हिशोब जुळल्यावर दिसावं, तसं काहीतरी होतं.

"बाय," ते मला हळूच म्हणाले, "मीठ घातलंय. आंबट घातलंय. कापड भिजवूचा औषध म्हणान ती पेस्ट आसाच. आणि रंग." ते थांबले. "अगो, मिया साबण नाय केलंय. मिया रंगाचो हौद लावलंय!"

आणि ते खरंच होतं. जन्मभर मिलमध्ये जे करत आले तेच, तसंच, न चुकता त्यांच्या हातून झालं होतं. माझ्या कॉलेजातल्या बाईंनी मला नंतर सगळं समजावलं. म्हणाल्या की लोकर, रेशीम आणि माणसाची कातडी, तिन्ही एकाच जातीची. लोकरीला चढणारा रंग आंबट असलं की कातडीलाही चढतो. ज्या लिंबूसत्त्वाने माशाचा वास घालवला, त्यानेच रंग पक्का केला. आज मी कुणाला असला रंग साबणात घालू देणार नाही. त्या दिवशी नशीब एवढंच, की कुणाला पुरळ आली नाही, खाज सुटली नाही. जे काही झालं, ते संसारात झालं.

कारण खानावळीतले सगळेच काही घरी सांगून आलेले नव्हते. आमच्या चाळीचे सेक्रेटरी सावंतभाऊ घ्या. त्यांच्या पायाचा अंगठा सुजायचा. डॉक्टरांनी मासे-मटण बंद केलं होतं आणि सावंतकाकी ते बंद ठेवत होत्या. भाऊ त्या दुपारी पांढरा सदरा घालून, दादरला एका शोकसभेला जातो म्हणून बाहेर पडले होते. जिन्यात भेटेल त्या माणसाला दोन्ही हात जोडून नमस्कार करण्याबद्दल भाऊंची ख्याती होती. संध्याकाळी ते परतले आणि आईला म्हणाले, "नमस्कार वहिनी." हात मात्र खिशात. आईला तेव्हाच काहीतरी वाटलं.

आमच्या आणि सावंतांच्या खोलीमधली भिंत फळ्यांची. त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला न उठता ऐकू आलं.

"पाणी घ्या," काकी म्हणाल्या.

"ठेव तिथे."

"ठेव काय? दमून आलात, हातात घ्या."

"मी म्हणतो ठेव."

मग भांडं खाली पडल्याचा आवाज.

"अगं बाई! शोकसभेत हात कशाने रंगले?"

"तिथे... तोरण बांधत होतो."

"शोकसभेला तोरण? कोणाचा शोक करत होतात हो, सुरमईचा?"

तोवर बातमी खालच्या मजल्यांवरून वर आली होती. गॅलरीत बायका दारोदार उभ्या राहिल्या आणि "हात दाखवा, हात दाखवा" असं सुरू झालं. एकाने मित्राकडे पत्ते खेळायला गेलो होतो म्हणून सांगितलं होतं. एकाने नातेवाइकाला भेटायला अँटॉप हिलला. एकाने तर चक्क कामावर ओव्हरटाइमला. सगळे हिरवे. एक बिचारा बायकोनेच पाठवला म्हणून जेवायला गेला होता, पण तिलाही आता शंका आली की आपण खरंच पाठवलं होतं का. माणसं रंगेहाथ पकडली जातात हे मी तोवर फक्त पेपरात वाचलं होतं. आमच्या चाळीत ते अक्षरशः घडलं, आणि तेही पक्क्या रंगात.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. शिवाला बेल वाहायला लालबाग-परळचे पुरुष हिरव्या हातांनी उभे होते. बसचे कंडक्टर तिकीट देताना हाताकडे बघून विचारायचे, "परबकाकूंकडे काय?" कुणी रॉकेल लावलं, कुणी राख. आईने सगळ्यांना चण्याचं पीठ आणि खोबरेल सांगितलं. त्याने रंग जात नव्हता, पण माणसं कामाला लागली. चाळीतल्या पुरुषांनी बाबांशी बोलणं टाकलं. उलट बायकांनी आमच्याकडे वाट्या पाठवायला सुरुवात केली. घावने, नारळाचं दूध, वालाची उसळ, अळूवड्या. सावंतकाकींनी तर पुरणपोळ्या पाठवल्या, आणि त्या घेऊन यायला भाऊंनाच लावलं. भाऊंनी डबा आमच्या उंबऱ्यावर ठेवला, बाबांकडे न बघता म्हणाले, "हे तिने दिलंय. मी दिलेलं नाही," आणि निघून गेले.

हे सगळं आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा घरात बाबा हसत नव्हते. त्यांनी ड्रमवर गोणपाट टाकलं, काठी पोटमाळ्यावर परत गेली. एकुलतं एक गिऱ्हाईक त्यांनी भर गटारीच्या दिवशी घालवलं होतं. ते गॅलरीत बसायचे, पण आता तिथे वाळणाऱ्या साड्यांकडेही बघायचे नाहीत. मिल बंद पडली ती दुसऱ्यांनी पाडली. हे मात्र त्यांच्या स्वतःच्या हातून झालं होतं. आई त्यांना काही बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही म्हटल्यावर मला जास्त भीती वाटली.

हात फिके व्हायला लागले तेव्हा परबकाकू आल्या. जिन्यात त्यांचा आवाज आला तसे बाबा उठून उभे राहिले. काकूंचे हात सगळ्यांपेक्षा हिरवे होते, कारण त्यांनी ते त्या दिवशी दर गिऱ्हाइकामागे एकदा धुतले असावेत. त्या खाटेवर टेकल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मास्तर, आधी शिव्या देतंय. मगे दुसरा बोलतंय."

शिव्या त्यांनी सावकाश दिल्या, मध्ये चहा पिऊन परत दिल्या. बाबांनी मान खाली घालून सगळ्या घेतल्या. मग काकू म्हणाल्या, "आता दुसरा. लोक माका इचारतत. रंगाचा नाय, वासाचा. म्हणतत, काकू, रंग जाव दे, पण बांगडो कसो काय गेलो? पुनवेपावत माझी चूल थंड आसा. नारळी पुनवेक माका साबण व्हयो. पण रंगाशिवाय. टिपको पण नको."

माझा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र म्हणाले, "रंगाशिवाय? त्येका साबण म्हणणा नाय. ता पाणी."

"मास्तर..."

"माझ्याच्यान होवचा नाय, परबीणबाई. बिनरंगाचा काम मिया कधी करूक नाय."

काकूंनी आईकडे पाहिलं. आईने पदर खोचला आणि म्हणाली, "ह्येंका नको तर ऱ्हवांदे. मी करतंय."

दुसऱ्या दिवशी आईने ड्रमवरचं गोणपाट काढलं. आजवर तिने ड्रमला केर काढण्यापुरताच हात लावला होता. तिने सगळं साहित्य मला विचारून घेतलं, पण मोजलं मात्र आपल्याच अंदाजाने. पेस्ट घातली, पाणी घातलं, ग्लिसरीनची धार बोटावर घेऊन पाहिली. लिंबूसत्त्व आधी पाण्यात विरघळवून ते जरा जपूनच टाकलं. म्हणाली, वास जाऊ दे, पण हात चरचरायला नको. बाबा गॅलरीत पाठ करून बसले होते. आईने काठी मागितली नाही, भाताचा मोठा कालथा घेतला आणि घाईघाईने ढवळायला लागली. फेस वर आला, ड्रमच्या काठावर आला.

बाबांची पाठ अस्वस्थ व्हायला लागली.

"अशी नको ढवळू," ते कठड्याकडे बघत म्हणाले. "फेस येता. तळातून उचलूक व्हया."

"तुमी पाणी म्हणालास. पाणी कसाय ढवळला तरी चलता."

बाबा उठले, पोटमाळ्यावरून काठी काढली आणि तिच्या हातातून ड्रम ताब्यात घेतला. घळक, घळक असा तो जुना आवाज खोलीत परत आला. शेवटी मीठ. आई चिमटीने टाकत होती, बाबा फिरवत होते. साबण पळीवाढा झाला. "आणखी एक," बाबा म्हणाले. "नाय," आई म्हणाली. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी म्हणून मत द्यायला तोंड उघडलं, तर दोघंही एकदमच म्हणाले, "तू गप." त्या क्षणी मला खात्री पटली की आता हे घर ठीक होणार.

साबण झाला तो काचेसारखा स्वच्छ होता. बाबांनी सवयीने बाटली उजेडात धरली, आणि त्यांना बाटलीपलीकडचा सावंतभाऊंचा वाळत घातलेला सदरा दिसला. ते बाटली खाली ठेवून हात धुवायला गेले.

नारळी पौर्णिमेनंतर खानावळीत परत मासे आले तेव्हा बाबा एकटेच बाटल्या घेऊन गेले. मला येऊ दिलं नाही. संध्याकाळी परतले, पाटावर बसले, आईने वाढलेलं जेवायला लागले. आई विचारत नव्हती, मी विचारायला धजत नव्हते. भात संपवून ताक पिताना ते म्हणाले, "बेसिनाकडे हुबो ऱ्हवलंय. लोक येतत, हात धुतत, जातत. कोण बघणा पण नाय. एकच माणूस थांबलो. हात हुंगलो. परत हुंगलो. आणि गेलो." त्यांनी पेला खाली ठेवला. "काय दिसणा नाय गो त्या साबणात. पण काम करता."

आई भाकरीचं पीठ झाकत होती. ती म्हणाली, "तुमका आता समाजला? बायलमाणसाचा सगळा काम असाच असता. केला तर दिसणा नाय. नाय केला तर सगळ्यांका दिसता."

बाबांनी पेला ताटात ठेवला. मग उठले आणि मी जन्मात प्रथमच पाहिलं, त्यांनी आपलं उष्टं ताट स्वतः उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. धुतलं मात्र नाही. पण उचललं.